‘द विंड’ : एका मूकपटाची हकिकत
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाला मी चार शब्द बोलावे असे चिटणीसबाईंनी सुचवले, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा मंडळाच्या जुन्या आठवणी असाव्यात. मी सिनेमावर बोलणार म्हटल्यावर त्या क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "चालेल, पण जुना असू द्या हो." मी म्हटले, इतका जुना आहे की त्यात कोणी बोलतसुद्धा नाही!

तर हा आहे एक मूकपट. नाव ‘द विंड’, म्हणजे ‘वारा’. अमेरिकेत १९२८ साली तो प्रदर्शित झाला. गेल्या श्रावणात आपल्यापैकी नऊजणी एका मैत्रिणीच्या घरी जमलो होतो, तेव्हा तिच्या नातवाने तो आम्हाला लावून दिला. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आत पडद्यावर नुसती वाळू उडत होती. संपल्यावर पाच मिनिटे कोणी काही बोलेना. मग एक बाई उठल्या नि म्हणाल्या, "मी निघते. मला आधी घरी जाऊन केर काढावासा वाटतो आहे." आम्ही हसलो खऱ्या, पण त्या चित्रपटाची याहून मोठी स्तुती मला तरी करता येणार नाही.

ज्यांना त्या दिवशी येता आले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट सांगते. लेटी ही व्हर्जिनियाची एक पोरकी, नाजूक मुलगी. चुलतभावाकडे राहावयाचे म्हणून ती आगगाडीने दूर टेक्ससला निघते. तो मुलूख रखरखीत. पाऊस नाही, झाड नाही, आणि वारा रात्रंदिवस थांबत नाही. गाडीत रॉडी नावाचा एक गुरांचा व्यापारी तिच्याशी सलगी करतो आणि मोठ्या मौजेने सांगतो की, या वाऱ्याने बायकांना वेड लागते. ते वाक्य तिच्या मनात जे रुतते ते रुततेच. भावाची बायको कोरा हिला ही पाहुणी नकोशी होते. शेवटी घराबाहेर पडण्याची पाळी येते. ज्याच्या आधाराची आशा धरावी तो रॉडी निघतो लग्न झालेला. दुसरा काही मार्ग नाही म्हणून लेटी लायज नावाच्या एका रांगड्या गुराख्याशी लग्न करते. तिचे त्याच्यावर प्रेम नाही. हे कळल्यावर तो तिला हातही लावत नाही, उलट "पैसे साठवून तुला तुझ्या गावी पाठवीन" असा शब्द देतो. मग उत्तरेचे मोठे वादळ येते. नवरा कामावर गेलेला, घरात लेटी एकटी, आणि दारात येऊन उभा राहतो तो रॉडी. त्या रात्री जे घडू नये ते घडते. सकाळी तिच्या हातून बंदूक सुटते व तो मरतो. त्याला ती वाळूत पुरते, आणि वारा आहे तो वाळू पुन्हा उडवून लावतो. खिडकीच्या काचेतून ती बघत राहते. हळूहळू मेलेल्याचा चेहरा उघडा पडत असतो.

पुढे काय होते ते मी मुद्दामच नंतर सांगणार आहे, कारण माझे आजचे सगळे बोलणे त्या शेवटाविषयीच आहे.

आधी हे बघा की हा चित्रपट झाला कसा. तो झाला तीन बायकांमुळे.

पहिली डोरोथी स्कारबरो. टेक्ससमध्येच जन्मलेली, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकवणारी विदुषी. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या गेल्या ना, तशी तिने तिकडची लोकगीते गोळा केली. ती लहान असताना आईच्या प्रकृतीसाठी त्यांचे कुटुंब स्वीटवॉटर या गावी राहिले होते. तोच वारा, तोच दुष्काळ घेऊन तिने १९२५ साली ही कादंबरी लिहिली. आधी ती निनावी प्रसिद्ध झाली. पश्चिम टेक्ससचे लोक संतापले. आमच्या मुलखाची बदनामी केली, ही कोणी परकी असली पाहिजे, असे म्हणू लागले. पुढच्या आवृत्तीवर नाव आले तेव्हा कळले की बाई त्यांच्यातलीच होती! आपल्या अंगणातली धूळ दाखवली की आपल्याच माणसांना राग येतो, हे सगळ्या जगात सारखेच.

दुसरी लिलियन गिश. मूकपटांच्या काळातली ही फार मोठी नटी. १९२० साली ‘वे डाउन ईस्ट’ या चित्रपटासाठी ती खऱ्याखुऱ्या बर्फाच्या तरंगत्या लादीवर पडून राहिली होती, हात आणि केस गोठलेल्या पाण्यात सोडून. त्या हाताला पुढे कायमचे दुखणे राहिले. १९२५ साली मेट्रो-गोल्डविन-मायर या कंपनीने तिच्याशी सहा चित्रपटांचा करार केला तो आठ लाख डॉलरांचा. पण पैशापेक्षा मोठी गोष्ट अशी की, कथा कोणती आणि दिग्दर्शक कोण यात तिचा शब्द चाले. ‘द स्कार्लेट लेटर’ करण्याचे तिने मनात घेतले, तेव्हा चर्चची मंडळी आणि महिला मंडळे यांचा त्या कथेला विरोध होता. गिशबाईंनी त्यांना स्वतः पत्रे लिहून आपली जबाबदारी दिली आणि विरोध मावळला. म्हणजे बघा, सिनेमे अडवणारी महिला मंडळे तिकडेही होती, आणि समजूत पटल्यावर वाट मोकळी करून देणारीही होती.

तिसरी फ्रान्सिस मॅरियन, पटकथा लिहिणारी. तिचे नाव आपण ऐकलेले नसते, कारण लिहिणारी पडद्यावर दिसत नाही. पण त्या काळात हॉलिवूडमध्ये तिच्याइतके मोल असलेले पटकथा-लेखक थोडेच होते. पुढे १९३० साली ‘द बिग हाउस’ या चित्रपटासाठी तिला ऑस्कर मिळाले, लेखनासाठी ते मिळवणारी ती पहिली स्त्री. पाठोपाठ ‘द चॅम्प’साठी आणखी एक मिळाले.

आपल्याकडे त्या सुमाराला काय होते तेही आठवा. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाले होते अण्णा साळुंके, कारण पडद्यावर यायला स्त्री मिळेना. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला या दोघी पडद्यावर आल्या, तेव्हा कुठे ती वाट खुली झाली. १९२६ साली फातमा बेगम यांनी स्वतः चित्रपट दिग्दर्शित केला. तेव्हा धिटाईच्या बायका इकडेही होत्या. पण एकीने कादंबरी लिहावी, दुसरीने ती वाचून "मी हीच करणार" म्हणावे आणि तिसरीने त्याची पटकथा बांधावी, हा योग मात्र विलक्षणच म्हटला पाहिजे.

गिशबाईंनी कादंबरी वाचली, चार पानांचा आराखडा स्वतः लिहिला आणि कंपनीचा तरुण निर्माता अर्व्हिंग थॅलबर्ग याच्या पुढे ठेवला. तो कबूल झाला. दिग्दर्शनासाठी त्यांनी स्वीडनहून आलेले व्हिक्टर स्योस्त्रोम यांना मागून घेतले, नायक म्हणून लार्स हॅन्सन या स्वीडिश नटाला. ‘स्कार्लेट लेटर’ याच मंडळींनी, मॅरियनबाईंच्याच पटकथेवर केला होता. म्हणजे घरच्यासारखी जमलेली माणसे. आता सगळे सुरळीत होईल असे कोणालाही वाटावे. पण खरे हाल पुढेच होते.

१९२७ च्या वसंत ऋतूत ही सगळी मंडळी कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात गेली. उष्णता १२० अंश फॅरनहाइटपर्यंत जाई, म्हणजे आपल्या हिशेबाने ४९ अंश. आपल्याकडे विदर्भातल्या भगिनी बसल्या आहेत, त्यांना हे सांगावयास नको. पण त्यात भर अशी की, वारा पाहिजे तेव्हा पाहिजे तसा वाहत नाही, म्हणून विमानांचे आठ पंखे आणून लावले होते. ते सुरू केले की वाळूचे लोटच्या लोट नटांच्या अंगावर येत. वाळूत भुसा मिसळलेला, आणि जोडीला गंधकाच्या धुराची भांडी. काम करणारे लोक लांब बाह्यांचे कपडे घालून, तोंडाला रुमाल बांधून, डोळ्यांना चष्मे लावून उभे राहात. गिशबाईंना मात्र तोंड झाकून चालणार नव्हते, कारण सगळे लक्ष त्यांच्या तोंडाकडे. केस जळत, डोळे थोडक्यात वाचले. एकदा दाराची मूठ धरली तो हात भाजला. पिठले ढवळताना उलथने तापले तर आपण चटकन सोडतो. इथे बाहेरची नुसती मूठच तापलेली!

आणि हाल काय माणसांचेच? फिल्मचेही. उष्णतेने फिल्मवरचा लेप सुटू लागला, चित्र बिघडू लागले. मग ती गोठवून, बर्फात बांधून कल्व्हर सिटीच्या प्रयोगशाळेत नेऊ लागले. वाळवंटात माणसे तापत आहेत आणि चित्रे बर्फात बसून प्रवास करीत आहेत असा तो प्रकार. पुढे आपल्या आठवणी लिहिताना गिशबाईंनी सांगितले की, चित्रपटाच्या कामातला त्यांचा हा अत्यंत वाईट अनुभवांपैकी एक होता. बर्फाच्या लादीवर पडून राहिलेली बाई हे म्हणते, म्हणजे विचार करा.

पण त्या हालांचे चीज झाले आहे हे पडद्यावर दिसते. वारा डोळ्यांना दिसत नाही, आणि मूकपटात तो ऐकूही येत नाही. तरी संपूर्ण चित्रपटभर आपल्याला तो जाणवत राहतो. दाराच्या फटीतून वाळू येते, दिवा झोके घेतो, सबंध घर हलते, आणि लेटीच्या मनात वारा म्हणजे आभाळात उधळलेला एक पांढरा घोडा होऊन बसतो. लग्नानंतरच्या पहिल्या रात्री नवरा प्रेमाने कॉफी देतो, ती तिला घशाखाली जात नाही, आणि त्याची पाठ वळताच ती गुपचूप ओतून टाकते. एक शब्द नाही, पण सगळे कळते. ती कोरासुद्धा नुसती खाष्ट म्हणून दाखवलेली नाही. ती घरातले सगळे जड काम उपसणारी, हात रक्ताने माखलेले असताना मोठे धड कापीत उभी आहे, आणि तिचीच लेकरे तिला सोडून त्या स्वच्छ, गोऱ्या पाहुणीकडे धावतात. आमच्यातल्या एकजणी म्हणाल्या, "मला तर कोराचेच जास्त वाईट वाटले." मलाही वाटले.

आता शेवट. कादंबरीत लेटीला वेड लागते आणि ती घराबाहेर वादळात धावत सुटते, मरणाकडे. चित्रपटात तसे नाही. नवरा परत येतो. बाहेर बघतो तर वाऱ्याने प्रेत पुन्हा झाकून टाकलेले. तो तिला समजून घेतो. तीही सांगते, मला आता माघारी जावयाचे नाही, मला या वाऱ्याची भीती वाटत नाही. दार सताड उघडे आहे, वारा आत येतो आहे आणि ती दोघे त्यात उभी आहेत. तिथे चित्रपट संपतो.

गिशबाई शेवटपर्यंत सांगत राहिल्या की, आमचा शेवट मूळ कादंबरीसारखाच होता, पण थिएटरवाल्यांना दुःखी शेवट नको होता म्हणून तो बदलावा लागला. मॅरियनबाईंचेही म्हणणे तेच. पुढच्या काळात अभ्यासकांनी कंपनीचे जुने कागद धुंडाळले आणि तो दुःखी शेवट कधी चित्रित तरी झाला होता काय, अशी शंका घेतली. या बाबतीत मतभेद आहेत आणि ते मिटवण्याची माझी पात्रता नाही.

चित्रपट तयार झाला तो १९२७ मध्ये, आणि लोकांपुढे आला १९२८ च्या नोव्हेंबरात. मधल्या वर्षात काय झाले? १९२७ च्या ऑक्टोबरात ‘द जॅझ सिंगर’ आला, पडद्यावरची माणसे गाऊ-बोलू लागली, आणि लोक त्यावर तुटून पडले. मग कंपनीने ‘द विंड’ला संगीताची आणि आवाजांची ध्वनिमुद्रित जोड दिली. पण त्यातली माणसे काही बोलत नव्हती. लोकांना बोलणे पाहिजे होते. कंपनीला तोटा झाला. म्हणजे ज्यांनी वाळवंटात डोळ्यांत वाळू घालून घेतली, त्यांच्या कामाला कपाटात पडून राहावे लागले आणि तेवढ्यात काळच बदलला. आपण सकाळपासून राबून सणाचा स्वयंपाक करावा आणि पाने वाढेपर्यंत मंडळींनी बाहेरूनच खाऊन यावे, तसे झाले.

त्यानंतर सगळ्यांची पांगापांग झाली. स्योस्त्रोम आणि हॅन्सन स्वीडनला परत गेले. १९५७ साली बर्गमनच्या ‘वाइल्ड स्ट्रॉबेरीज’मध्ये जे वृद्ध प्राध्यापक दिसतात ते हेच स्योस्त्रोम. गिशबाईंनी कंपनी सोडली आणि रंगभूमीचा रस्ता धरला. पण बाई चिवट. १९८७ सालच्या ‘द व्हेल्स ऑफ ऑगस्ट’मध्ये त्यांनी काम केले तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती. स्कारबरोबाई १९३५ साली वारल्या. १९८० नंतरच्या काळात ‘द विंड’ कार्ल डेव्हिस यांच्या नव्या संगीतासह पुन्हा लोकांपुढे आला, आणि लोकांनी तोंडात बोटे घातली. १९९३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत त्याचा समावेश झाला. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत गिशबाई गेल्या.

भगिनींनो, एवढे सांगून मी खाली बसले असते तरी चालले असते. पण हा चित्रपट पाहिल्यापासून माझ्या मनात एक गोष्ट सलते आहे, ती आज बोलून टाकते.

आपल्या मंडळाच्या पंचविसाव्या वर्षी आपण एक एकांकिका केली होती, ती जुन्या सभासदांना आठवत असेल. आपल्यातल्याच एका बाईंनी ती लिहिली होती. आज त्या नाहीत. मूळ संहितेत सून घर सोडते, हातात शिवणयंत्राचे झाकण आणि कडेवर मूल, आणि सासूबाई आतून दार लावतात. कडी लागल्याचा आवाज होतो आणि पडदा पडतो. तालमी त्याच शेवटाच्या झाल्या होत्या. प्रयोगाला चार दिवस राहिले असताना आपल्याला मदत करणारे कोणी हितचिंतक तालमीला आले आणि म्हणाले, "आनंदाच्या दिवशी हे कसले अभद्र? सून परत येऊ दे." मी त्या वेळी चिटणीस होते. बाईंना तो निरोप मीच दिला. त्यांनी माझ्याकडे बघितले, "बरे," म्हणाल्या आणि रातोरात शेवटचे पान बदलून आणले. सून परत आली, सासूने जवळ घेतले, टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही टाळ्या वाजवल्या. त्यानंतर बाई हळदीकुंकवाला येत, सहलीला येत, पण आपल्यासाठी त्यांनी पुन्हा एक ओळ लिहिली नाही. आपण सगळ्या म्हणत राहिलो, "त्यांना आताशा सुचत नाही."

‘द विंड’चा शेवट कोणी बदलला, कधी बदलला, यावर अभ्यासकांनी खुशाल वाद घालावा. आपल्या एकांकिकेच्या बाबतीत वादाला जागा नाही. तिथे मी स्वतः हजर होते.

गोड शेवट वाईटच असतो असे मी म्हणत नाही. दार उघडे टाकून वाऱ्यात उभी राहिलेली लेटी मला दुसऱ्यांदा पाहताना आवडली, खरे सांगते. वाऱ्याची भीती गेली म्हणणारी बाई काही लहानसहान नव्हे. प्रश्न गोड की कडू हा नाहीच. ज्या बाईने जीव ओतून काही केले, तिला त्याचा शेवट कसा असावा हे कोणी विचारले का, एवढाच प्रश्न आहे. गिशबाईंचा शब्द कंपनीत चालत होता, आठ लाखांचा करार होता, तरी अखेर त्यांना वाटत राहिले की शेवट आपल्या हातून गेला. आपल्या बाईंकडे तर करार नव्हता, फक्त एक वही होती. ती जपणे माझे काम होते आणि मी ते केले नाही.

ती वही त्यांच्या मुलीने ठेवली आहे. गेल्या महिन्यात मी तिला भेटून आले. वहीत दोन्ही पाने आहेत. जुने पान खोडलेले नाही, नुसते दुमडून ठेवलेले आहे. म्हणून अध्यक्षबाईंच्या परवानगीने मी अशी सूचना मांडते की, पुढच्या वर्धापनदिनी ही एकांकिका आपण पुन्हा करावी, त्या दुमडलेल्या पानासह. कडीचा आवाज नीट यावा म्हणून जुने दार कोणाकडे असेल तर त्यांनी कळवावे. सासूचे काम करायला मी तयार आहे. त्या वेळी सुनेचे केले होते, आता वय झाले.